धोतराला कंबर नसते

मी आयुष्यात पुष्कळ गाढवपणा केला, पण नवऱ्यासाठी वेल्क्रोचं धोतर मागवण्याइतका मोठा दुसरा नाही. नातीच्या मोबाइलवर चष्मा वरखाली करत मीच ते पसंत केलं होतं. 'रेडिमेड धोतर, फ्री साइज, दोन मिनिटांत तयार' असं त्यावर लिहिलेलं, आणि चित्रातला दाढीवाला पोरगा असा खुशीत हसत होता, की जन्मात त्याला धोतर सोडून दुसरी अडचणच आलेली नसावी. पुडकं आलं. किती सोपं आहे ते दाखवायला मी ह्यांच्यासमोर कमरेची पट्टी ओढली. चर्रर्र असा आवाज झाला. गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. हे त्या पट्टीकडं बघून म्हणाले, "हे धोतर हाय का पोरांचं दप्तर?" दुसऱ्या दिवशी सकाळी ते धोतर आमच्या ज्वारीतल्या बुजगावण्याच्या कमरेला होतं, गड्याला सांगून ह्यांनीच नेसवलेलं. खोटं कशाला सांगू, त्याला ते छान बसलं होतं.

आता ह्या गाढवपणामागं कारण होतं. गेल्या पावसाळ्यात ह्यांना झटका येऊन गेला. पाय सावरला, वाचा सावरली, वाचा तर जरा जास्तच सावरली, पण डावा हात काही कामाला येईना. आणि धोतराला लागतात दोन हात. घरात लुंगी चालते. पण लुंगीवर माणूस ओट्यापर्यंत जातो, फार तर फाटकापर्यंत. फाटकापलीकडं गाव सुरू होतं. पाच-सहा महिने हे फाटक ओलांडून गेले नव्हते, आणि तीन आठवड्यांवर थोरल्या नातवाचं लग्न आलेलं, वरवंडच्या कार्यालयात. मुलानं पायजमा आणला, तर म्हणाले, "पायजमा घालून यायला मी काय शाळामास्तर हाय का?" मी म्हटलं, मी नेसवून देते, त्यावर ह्यांनी माझ्याकडं कसं बघितलं ते मी इथं लिहीत नाही. शेवटी जाहीर केलं, "लगीन तुमी लावा. मी घर राखतो." नातू म्हणाला, "मग मी पण शेरवानी घालून आबांशेजारी ओट्यावर बसतो, नवरी इकडंच आणा." हसून म्हणाला, आणि तो पायजमा उचलून आत ठेवून आला.

तेव्हा मग, ज्यांच्याकडं पहिल्यांदाच जायला हवं होतं त्यांच्याकडं मी शेवटी गेले. शिरूरला, माझ्या थोरल्या जावेच्या भावाकडं.

ह्या गृहस्थांनी जन्मात कुणाचं तोंड बघितलेलं नाही. मुलांचे मामा म्हणून मीही त्यांना मामाच म्हणते. शिरूरच्या पेठेतल्या एकाच कापडदुकानात, एकाच गादीवर, एकाच मांडीवर ते पन्नासेक वर्षं बसलेले आहेत, आणि गादीवरून जग दिसतं ते कमरेपासून खालीच. एकदा एसटी स्टँडवर आमचे थोरले दीर, म्हणजे त्यांचे सख्खे मेहुणे, समोरून रामराम घालत आले. मामा ओळख दाखवीनात. दीर वळून निघाले तेवढ्यात मामांची नजर खाली गेली आणि ते मागं धावले, "आवं दाजी, तुमी व्हय! तुमचा डावा लांब सोगा दिसल्याबिगर वळखायचं कसं?" धोतराच्या लोंबत्या टोकाला सोगा म्हणतात, आणि मामांच्या हिशेबी देवानं माणसाला चेहरा दिला तो सोगा विसरायला होतो म्हणून, जादा सोय. स्वतः उंच, वाळलेले, धोतर बगळ्याच्या पंखासारखं. चालले की कापडाची सळसळ आधी येते आणि मामा मागून येतात.

कोण कुठल्या गावचा हे ते टोपीवरून सांगतात, आणि छातीठोक सांगतात. कवठे येमाईच्या माणसाला म्हणे टोपी कडक लागते, कागदासारखी. वरवंडच्या माणसाला अर्धा नंबर लहान लागते, कारण हायवेला गाड्यांचा वारा फार, घट्ट बसली नाही तर टोपी सोलापूरला आणि माणूस वरवंडला. आणि गाव कुठलंही असो, माणूस सोसायटीचा चेअरमन झाला की त्याची टोपी अर्ध्या नंबरानं वाढते. पद गेलं की डोकं पूर्वपदावर येतं. "म्या मोजून बघितलंय," असं मामा म्हणतात, आणि कुणाचं ते विचारलं की टोप्या मोजायला लागतात, कारण बहुधा तो शेजारीच चहा पीत बसलेला असतो. गिऱ्हाइकाला काय हवंय हे गिऱ्हाइकाला विचारण्याची पद्धत त्यांच्याकडं नाही. एकजण तयार बांधलेला फेटा मागायला आला, तर म्हणाले, "फेटा म्हंजी काय हेल्मेट हाय का, घातला का निघालं?" आणि त्याला तसाच परत पाठवला. मालक कपाळाला हात लावून बसले. ह्या मालकांचे वडीलही असेच बसायचे आणि आजोबाही असेच बसायचे. मालक बदलले, कपाळाचा हात तोच आहे.

शिवलेल्या कपड्यावर त्यांचा राग तर असा, की त्यासाठी ते इनामगावापर्यंत जातात. आमचं गाव घोड नदीच्या काठाला, इनामगावाच्या जवळच. तिथं पूर्वी जमिनीखालून हजारो वर्षांमागची वस्ती निघाली हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. मामा म्हणतात, "मडकी निघाली, हाडं निघाली, जळकं धान्य निघालं. पर बटण निघालं का? न्हाई. म्हंजी माणसं काय नेसत व्हती ते सांगा." 

माझी आणि त्यांची पहिली भेट आठवली की मला त्या वेळच्या मला एक चापट मारावीशी वाटते. माझं माहेर दौंडचं, रेल्वेच्या क्वार्टरमधलं. वडील निळ्या पँटीत ड्यूटीवर जायचे. धोतर मी पाहिलेलं ते फलाटावर, गाडीत चढताना नाहीतर उतरताना. लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा वीस वर्षांची, नायलॉनची साडी, मनगटावर घड्याळ, आणि ह्या लोकांना सुधारायला आपल्याला पाठवलंय अशी मनाची पक्की खात्री. पहिल्या दिवाळीला सासऱ्यांना आपण होऊन धोतर आणायचं असं ठरवलं. ते दुपारी लिंबाखाली झोपले असताना सुतळीनं त्यांच्या कमरेचं माप घेतलं. सासऱ्यांची उभी जवानी मेंढरांमागं रानात गेलेली. पान हललं तरी जागा होणारा माणूस. ते डोळे मिटून पडून राहिले आणि संध्याकाळी पारावर सांगून आले, "धाकल्या सुनंनं सुतळी लावून माप घेतलंय. पोतं शिवती वाटतं माझ्यासाठी."

तर ते माप घेऊन मी शिरूरच्या दुकानात गेले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "एक धोतर द्या. छत्तीस कंबर, बेचाळीस उंची, आणि जरा फिटिंगमध्ये द्या." दुकान थांबलं. एक नोकर कापडाच्या गठ्ठ्यात तोंड खुपसून हलायला लागला. गादीवरचा उंच माणूस मात्र हसला नाही. त्यानं एक धोतर काढलं, माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाला, "ताई, धोतराला कंबर नसती. धोतराला पन्हा असतो, म्हंजी कापडाची रुंदी. हे न्या. छत्तिसाला बसतं, छप्पन्नाला बसतं, उपाशी बसतं, जेवून बी बसतं." गप्प बसावं की नाही? मी म्हणाले, "आमच्या दौंडला साइजमध्ये मिळतं." तो म्हणाला, "मिळत आसंल. तिथं गाडीच्या घाईत माणसं काय बी नेसत्यात." मग पाणी आलं, चहा आला, "कुणाकडच्या?" झालं, आणि हा आपल्या जावेचा सख्खा भाऊ हे मला कळलं. मी एसटीनं घरी पोचायच्या आत ही गोष्ट घरी पोचली होती. कशी ते मला अजून उमगलेलं नाही. तेव्हापासून जाऊबाई मला फिटिंगवाली म्हणतात.

पण मामांचं दौंडविषयी जे मत होतं त्यात तथ्य होतं, हे आता माहेरचं कुणी ऐकत नसताना कबूल करते. दौंडच्या दुकानात नोकर बोलतो तुमच्याशी आणि बघतो घड्याळाकडं. गाडी सुटायच्या आत पँटपीस कापून, घडी घालून, पिशवीत टाकून तुम्हाला दाराबाहेर काढायची विद्या त्याच्या हातात आहे. तिथं मी कधी कुणाला दुसऱ्यांदा कापड चाचपताना पाहिलं नाही. शिरूरला उलटं. कापड सगळ्यात शेवटी. आधी पाऊस किती झाला, मग कांद्याचं काय, मग तुमच्या चुलत्याच्या मुलीचं जमलं का, आणि तुम्ही आलात कशाला हे विसरून उठायला लागलात की मामा न मागता एक पुडकं पुढं सरकवणार. घरी जाऊन उघडावं, तर तुम्हाला हवं होतं तेच आत.

आता तेही दुकान बदललंय. समोर काच आली, गार हवेचं मशिन आलं, आणि काचेत शेरवान्या घातलेले पुतळे उभे राहिले. एकालाही मुंडकं नाही. मामा म्हणतात, बरोबर आहे, ज्याला डोकं आहे तो शेरवानी कशाला घालील. आत काळ्या टी-शर्टातली पोरं. मी दारात पाऊल टाकलं तर एकजण म्हणाला, "वेलकम मॅडम, ग्रूमसाठी का?" म्हटलं, "ग्रूमच्या आज्यासाठी." त्यानं मागं बोट दाखवलं. मागं, जिन्याखाली, दोन फळ्या आणि एक गादी. तिथं मामा बसले होते आणि धोतरांच्या घड्या मोडून नव्या घड्या घालत होते. रोज करतात ते. एकाच घडीवर पडून राहिलं की कापडाला तिथं सुरकुती धरते आणि पुढं तिथंच ते फाटतं, असं त्यांचं म्हणणं. विकत कुणी घेवो न घेवो, सुरकुती धरू द्यायची नाही.

मी सगळं सांगितलं. वेल्क्रोपाशी आले तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. आता इनामगाव ऐकावं लागणार म्हणून मी पदर सावरून बसले. पण ते एवढंच म्हणाले, "उजवा हात वर किती जातो?"

"डोक्यापर्यंत."

"दात हायेत?"

"वरचे सगळे, खालचे निम्मे."

"करदोडा?"

"आहे की. काळा, जाड."

"मग झालं," मामा म्हणाले. "आठ दिवस द्या मला."

त्या आठ दिवसांत मामांनी काय केलं ते मला मुलाकडून कळलं. तो नातवाची शेरवानी आणायला गेला होता. मामा जिन्याखाली भिंतीला पाठ लावून उभे, डावा हात टॉवेलनं पाठीशी बांधलेला, धोतराचं एक टोक दातांत, आणि उजव्या हातानं झटापट चालू. पन्नास वर्षं धोतर विकलेला माणूस धोतर नेसायला नव्यानं शिकत होता, आणि शिकता शिकता ते सुटत होतं. तिसऱ्या दिवशी तर एका गिऱ्हाइकाला टोप्या दाखवताना सगळंच्या सगळं खाली आलं. आत पट्ट्यापट्ट्याची चड्डी होती म्हणून बरं. शिरूरनं मामांचे गुडघे पहिल्यांदाच पाहिले. काळ्या टी-शर्टातली पोरं गोठली, मालकांचा हात कपाळाला गेला. मामा शांतपणे म्हणाले, "टोपी बघा की. खाली काय बघताय?"

नवव्या दिवशी सळसळ आमच्या फाटकात आली. काखेत गाठोडं. हाताचा विषय नाही, झटक्याचा नाही, लग्नाचा नाही. ह्यांना म्हणाले, "पाव्हणं, आतल्या खोलीत चला. धोतराचं एक नवं पान दाखवायचंय. बायामाणसांत नको." दोघं आत गेले, कडी लागली. मी आणि जाऊबाई दाराला कान लावून बसलो. दोघींचे मिळून कान चार, त्यातले चालू तीन, पण पुरले.

आधी मामांचा आवाज, "हे टोक दातात. दाबून धरा. बोलू नका."

मग ह्यांचा काहीतरी गुरगुराट.

"बोलू नका म्हणलं की. बोललात की सुटतंय."

"मग जमत न्हाई हे सांगू कसं?"

"सुटलं बघा. पुन्ना."

थोड्या वेळानं, "आता भिंतीला टेका. भिंत म्हंजी तुमचा डावा हात. कंबर भिंतीवर दाबा, कापड मधी. हां. आता मोकळ्या हातानं करदोड्यात खोचा. जोर करा पाव्हणं, जोर."

भिंतीवरचं कॅलेंडर खाली पडल्याचा आवाज आला. जाऊबाई माझ्या कानात म्हणाल्या, "फिटिंगवाले, भिंत ऱ्हाती का बघ तुजी."

पहिल्या दिवशी दोघं बाहेर आले ते एकमेकांवर रागावूनच. चहासुद्धा पाठीला पाठ लावून प्यायले. दुसऱ्या दिवशी आतून काहीच ऐकू आलं नाही. ते फार वाईट होतं. मी जाऊबाईंना म्हटलं, आत जाऊ का. त्यांनी माझा पदर पायाखाली दाबून धरला. तिसऱ्या दिवशी आतून हसण्याचा आवाज आला. दोन म्हातारे खोकला येईपर्यंत हसत होते. मग ह्यांनी विचारलेलं ऐकू आलं, "मामा, तुमाला कुणी शिकवलं हे?" मामा म्हणाले, "मला? शिरूरच्या बाजारानं. सगळ्यांनी बघितलं, तुमीच तेवढं ऱ्हायला व्हता."

लग्नाच्या दिवशी सकाळी गाड्या दारात लागल्या. वऱ्हाड बसलं. हे आत. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मुलानं हॉर्न वाजवला. जाऊबाईंनी त्याला खिडकीतून जे ऐकवलं त्यानंतर हॉर्न वाजला नाही. मी तीनदा दारापर्यंत जाऊन आले. नातू शेरवानी घालून अंगणात येरझाऱ्या घालत होता; मुंडावळ्या हातात धरलेल्या, नजर दाराकडं. अर्ध्या तासानं कडी वाजली आणि हे बाहेर आले. पांढरं धोतर, नवी टोपी, अंगात बंडी. निऱ्या पूर्वीसारख्या कडक नव्हत्या, डावीकडचा सोगा चार बोटं वर होता, आणि कपाळावर घाम होता. पण उभे होते ते असे, की चेअरमनची टोपी कमी पडावी. मामा अंगणातच थांबले होते. त्यांनी कमरेपासून पावलापर्यंत सावकाश नजर फिरवली, पुन्हा वर नेली, आणि म्हणाले, "पन्हा बरोबर हाय." नातू पुढं येऊन आज्याच्या पाया पडला आणि बराच वेळ उठेना. ह्यांनी उजवा हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "ऊठ. सोग्यावर पाय देशील."

तुम्ही मला लग्नाविषयी विचाराल तर मी लग्न पाहिलेलं नाही. नवरीची साडी कुठल्या रंगाची होती हे मी नंतर फोटोत बघितलं. वरवंडच्या त्या कार्यालयात हजारभर माणसांत मी फक्त एक धोतर बघत होते. मंगलाष्टकं चालू झाली, हे अक्षता टाकायला हात उचलायचे आणि माझ्या अक्षता माझ्याच मुठीत राहायच्या. कुणी पाया पडायला वाकलं की मी देवाचं नाव घ्यायची, आणि सगळं वऱ्हाड ह्यांच्याच पाया पडायला आलेलं. मामा दोन पावलं मागं उभे, पण हात मागं बांधून. एकदासुद्धा पुढं झाले नाहीत. पंगतीला हे सगळ्यांबरोबर बसले, उठले, व्याह्यांबरोबर पार रस्त्यापर्यंत जाऊन पान खाऊन आले. धोतर जागचं हललं नाही. लग्नाच्या मोठ्या फोटोत सगळे कॅमेऱ्याकडं बघून हसतायत. फक्त मी आणि मामा ह्यांच्या कमरेकडं बघतोय.

जेवणं झाल्यावर मामा नळाशी हात धूत होते, तिथं मी गेले. आभार मानायची आमच्यात रीत नाही, म्हणून इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हटलं, "मामा, आता काळजी नाही. उद्यापासून मी रोज सकाळी आत जाईन, टोक धरून देईन, म्हणजे ह्यांना अर्धा अर्धा तास लागायचा नाही." मामांनी नळ बंद केला, हात धोतराला न लावता रुमालाला पुसले, आणि म्हणाले,

"ताई, आमची मंडळी शेवटच्या साली लुगडं नेसायला असाच येळ लावायची. मला ऱ्हावायचं न्हाई. मी जायचो, निऱ्या धरून द्यायचो. ती काय बोलायची न्हाई. मग मग तिनं लुगडं नेसायचंच सोडलं, गाऊनवर बसून ऱ्हायची. पाव्हण्यांना येळ लागंल. लागू द्या. तुमी भाईर बसा. चहा गार झाला, तर पुन्ना ठेवा."